गाडी कोणाची?

(स्मृतिव्याख्यानमालेत सूस येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांचं उभं आयुष्य ग्रामपंचायतीच्या वसुलीत गेलं. भावकीतल्याच माणसाच्या ओट्यावर जाऊन बसायचं, चहा घ्यायचा आणि तरी घरपट्टीची पावती फाडल्याशिवाय उठायचं नाही, हे काम सोपं नसतं. म्हणून मीही वसुलीवरच बोलणार आहे. विषय मोटार वाहन कराचा आणि गाडीची नोंद न करता, कर न भरता ती रस्त्यावर आणणाऱ्या मालकावरच्या कारवाईचा. माझी वकिली या खटल्यांतच गेली, आणि बहुतेक वेळा मी गाडीमालकांच्या बाजूने उभा राहिलो. पळवाटा सरकारी वकिलापेक्षा आरोपीच्या वकिलाला जास्त ठाऊक असतात. आजचं माझं भांडवल तेवढंच.

सुरुवात १९५८ सालापासून करू. त्या वर्षीचे दोन कायदे आजही राज्यात लागू आहेत. एक ग्रामपंचायतीचा, दुसरा मोटार वाहन कराचा. ग्रामपंचायतीच्या कायद्यातलं कलम १२४ वाचलंत तर पंचायतीला कशाकशावर कर बसवता येतो याची यादी सापडेल. घरं आणि जमिनी, जत्रा, दिवाबत्ती, पाणी. आणि त्यातच सायकली व जनावरांनी ओढायच्या गाड्या. म्हणजे सूसच्या पंचायतीला बैलगाडीवर कर बसवता येत होता, पाषाणला दूध घालायला जाणाऱ्याच्या सायकलवर बसवता येत होता. डंपरवर नाही. मोटारींवरचा कर राज्याचा. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीची ५७ क्रमांकाची नोंद ती. तो मुंबईच्या तिजोरीत जातो आणि तिथून रस्त्यांवर कसा उतरतो हे वेगळ्या व्याख्यानाचं प्रकरण आहे. पुढे बैलगाड्या गेल्या, २०२१ साली पंचायतही गेली आणि गाव पुणे महापालिकेत आलं. डंपर मात्र वाढले. गावचा रस्ता उखडायचा डंपरने आणि गावाला कर मागता यायचा सायकलवाल्याकडे, ही व्यवस्था साठ वर्षं कोणाला खटकली नाही.

सायकलीच्या करावरून पुण्याचं एक जुनं प्रकरण सांगण्यासारखं आहे. तुमच्यातल्या साठी-सत्तरीच्या मंडळींना आठवत असेल, पुण्यात सायकलला बिल्ला लागायचा. धातूची छोटी चकती, त्यावर नंबर. वर्षाचा कर भरला की बिल्ला मिळायचा आणि तो सायकलला सगळ्यांना दिसेल असा बांधायचा. महापालिकेची माणसं पुलाच्या तोंडाशी उभी राहायची. बिल्ला नसलेला सायकलस्वार त्यांना लांबून पाहताच उतरायचा आणि सायकल हातात धरून गल्लीत वळायचा, जणू पंक्चरच झालीय. रात्री दिवा नसला तर पोलीस, दिवसा बिल्ला नसला तर पालिका. पुणेरी विनोदाला यावर बरीच वर्षं खाद्य मिळालं. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. कर भरल्याची खूण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. तपासायला अधिकारी लागत नव्हता. शेजाऱ्यालाही दिसायचं, याने भरलाय आणि त्याने चुकवलाय.

इंग्लंडात मोटारींच्या बाबतीत नेमकं हेच होतं. १९२१पासून तिथे काचेवर कराची गोल चकती लावायचे. १ ऑक्टोबर २०१४पासून ती बंद झाली. सगळं संगणकावर आहे, कॅमेरे नंबर वाचतात, कागदाची गरज काय, असा विचार. झालं काय? तिथल्या सरकारचं रस्त्यावरचं सर्वेक्षण सांगतं की २०१३ साली दर हजारात सहा गाड्या कर चुकवलेल्या होत्या, २०१५ साली चौदा झाल्या आणि २०१७ साली अठरा. तिथे कॅमेरे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, तरीही. काही लोक निव्वळ विसरले, कारण आठवण करून द्यायला काचेवर काही नव्हतं. काहींच्या लक्षात आलं की आता शेजाऱ्याला कळत नाही.

आता आपल्या रस्त्यावर या. पाषाणकडून सूसला येताना सकाळी कुठेही दहा मिनिटं थांबा. पाण्याचे टँकर, खडीचे हायवा, काँक्रीटचे मिक्सर, मुरमाच्या खेपा. इमारती उभ्या राहिल्या, पाण्याची लाइन मागे राहिली, म्हणून टँकर. इमारती अजून उभ्याच राहताहेत, म्हणून डंपर. मध्येच शेतीसाठी म्हणून सवलतीत नोंदलेला ट्रॅक्टर विटा ओढत चाललेला. अशात आरटीओचं वायुवेग पथक एक डंपर बाजूला घेतं. चालक खाली उतरतो. बिहारचा असेल, मराठवाड्यातला असेल. सीटमागून प्लॅस्टिकची पिशवी काढतो. तिच्यात आरसीची झेरॉक्स, ती इतक्या वेळा घडी घातलेली की चासी नंबरावरच भोक पडलेलं. विमा गेल्या साली संपलेला. फिटनेस संपलेली. कर कधीचा थकलेला. निरीक्षक विचारतो, “गाडी कोणाची?” चालक म्हणतो, “शेठची.” कोण शेठ? चालक एक नाव सांगतो, आरसीवर दुसरंच असतं. ज्याच्या नावावर गाडी आहे त्याने ती कधीच विकलेली असते, ज्याने घेतली त्याने नावावर करून घेतलेली नसते, आणि कंत्राट तिसऱ्याचंच असतं. पुढच्या फळीवरचा नंबर चिखलाने माखलेला, आणि तो चिखल नेमका नंबरावरच कसा बसतो हे मला इतक्या वर्षांत उमगलेलं नाही.

मग मेमो होतो. कोणाच्या नावे? जो समोर उभा आहे त्याच्या. त्याची सही, त्याचं लायसन जमा, तडजोड शुल्क भरायला शेठचा माणूस पैसे घेऊन येतो, आणि संध्याकाळी गाडी पुन्हा खेपेवर. महिनाभराने चालक बदललेला असतो.

कायदा असा नाही, हे सांगण्यासाठी मी इथे आलो आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ३९ दोन माणसांशी बोलतं: नोंदणीशिवाय गाडी कोणी चालवू नये, आणि कोणत्याही मालकाने ती चालवायला लावू नये किंवा चालवू देऊ नये. शिक्षेचं कलम १९२ तर तीन क्रियापदं वापरतं: जो चालवतो, जो चालवायला लावतो, जो चालवू देतो. पहिल्या गुन्ह्याला दंड, २ हजारांपेक्षा कमी नाही आणि ५ हजारांपर्यंत. पुन्हा केला तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा ५ ते १० हजार दंड, किंवा दोन्ही. कायद्याची खरी धार या ‘पुन्हा’त आहे. मी माझ्या अशिलांना काय सल्ला द्यायचो, सांगू? काहीही करा, पण मेमो ड्रायव्हरच्या नावाने होऊ द्या. कारण चालक दर वेळी नवा, म्हणून गुन्हा दर वेळी पहिला. एकाच मालकाच्या गाड्या वर्षात दहा वेळा पकडल्या गेल्या तरी कोर्टासमोर दहा माणसं पहिल्यांदाच चुकलेली. दुसऱ्या गुन्ह्याची शिक्षा पुस्तकातच राहते. हा सल्ला बेकायदा नव्हता. पण तो चालला, कारण मेमो लिहिणाऱ्याने कधी दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रियापदाकडे पाहिलं नाही.

२०१९च्या दुरुस्तीने आणखी एक हत्यार दिलं, त्याची चर्चा फार कमी झाली. त्या वेळी सगळा गाजावाजा हेल्मेटच्या दंडाचा झाला. कलम १९२-ब असं सांगतं की जो मालक गाडीच्या नोंदणीसाठी अर्जच करत नाही, त्याला वार्षिक कराच्या पाचपट किंवा आयुष्यभराच्या कराच्या एकतृतीयांश, यांतली जास्त असेल ती रक्कम दंड. विक्रेत्याने नोंदणी न करता गाडी हातात दिली, तर वार्षिक कराच्या पंधरापट किंवा आयुष्यभराच्या कराएवढा. म्हणजे प्रथमच दंडाची सांगड कराशी घातली गेली. गाडी जितकी महाग, तितका दंड मोठा. दोन-पाच हजारांच्या दंडाने कोटीच्या गाडीवाल्याला काही होत नाही, हे कायदा करणाऱ्यांना उशिरा का होईना कळलं.

महाग गाडीचा विषय निघाला की पुण्यात सगळ्यांच्या मनात एकच नाव येतं. १९ मे २०२४ची पहाट, कल्याणीनगर. पोर्श मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. स्टिअरिंगवर अल्पवयीन मुलगा होता, असा आरोप आहे. खटल्यावर मी बोलणार नाही, तो कोर्टात आहे. मी गाडीच्या कागदांवर बोलतो. बेंगळुरूच्या विक्रेत्याने ती तात्पुरत्या नोंदणीवर मार्चमध्ये इकडे पाठवली. पुण्याच्या आरटीओत ती तपासणीसाठी आणली गेली. तपासणी झाली आणि शुल्क न भरल्यामुळे कायम नोंदणी राहून गेली. शुल्क किती? १,७५८ रुपये. कर्जाच्या नोंदीचे १,५००, स्मार्ट कार्डाचे २००, टपालाचे ५८. गाडी विजेवरची, म्हणून रस्ता कर माफच होता. कोटींच्या गाडीसाठी एवढीशी रक्कम भरली नाही याचं तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटलं. मला नाही वाटलं. या धंद्यात पैसे नसल्यामुळे नोंदणी राहिलेली माझ्या पाहण्यात क्वचितच आली. ‘विचारणार कोण?’ या खात्रीमुळे राहिलेली रोज यायची. परिवहन आयुक्तांनी नंतर स्पष्ट केलं की तात्पुरत्या नोंदणीवर गाडी आरटीओपर्यंत नेता आणि परत आणता येते, तेवढंच. ती गाडी मार्चपासून मेपर्यंत शहरात फिरत होती. नंबर नसलेली एवढी मोठी गाडी कोणाच्याच नजरेत भरली नाही? भरली असणार. लोक कौतुकाने फोटो काढत असतील.

त्या प्रकरणात आणखी एक गोष्ट घडली. मुलाच्या वडिलांवरही गुन्हा नोंदला गेला. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरावा, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, हे कलम १९९-अ २०१९पासून आहे. पण ते लोकांना ठाऊक झालं ते २०२४ साली.

आता सोसायट्यांकडे वळतो, कारण समोर बसलेले काही चेहरे अस्वस्थ दिसताहेत. तुमच्या पार्किंगमध्ये कर्नाटक, तेलंगण, उत्तर प्रदेश, दिल्ली, सगळी पासिंग आहेत. हिंजवडीत नोकरी, म्हणून गाडी सोबत आली. कलम ४७ म्हणतं की दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक ठेवायची तर तिथला नंबर घ्या. नंबर घ्यायचा म्हणजे इथला कर भरायचा. तो भरण्यात तुमचा नकार नसतो, हे मी मान्य करतो. अडचण पुढे येते. मूळ राज्यातून ना हरकत प्रमाणपत्र आणायचं, इथे कर आधी भरायचा, मग तिथल्या कराचा उरलेला भाग परत मिळावा म्हणून तिथे अर्ज, चकरा, एजंट. त्यात शनिवार-रविवार सरतात आणि पैसे येतीलच असं नाही. घेताना हात लांब आणि परत देताना आखूड, अशा राज्याने नागरिकाला चुकवेगिरीबद्दल दरडावणं शोभत नाही. २०२१ साली आलेली बीएच ही देशभर चालणारी नंबरांची मालिका हा त्यावरचा बरा उपाय होता, दोन-दोन वर्षांचा कर भरत जायचं. पण ती ठरावीक नोकरदारांपुरतीच राहिली. मात्र या अडचणीआड लपणारे दुसरेही आहेत. आलिशान गाडी घ्यायची पुण्यात, वापरायची पुण्यात आणि नोंदवायची कर कमी असलेल्या पुदुच्चेरीत कोणाच्या तरी भाड्याच्या पत्त्यावर. याला अडचण म्हणत नाहीत.

बारक्या माणसाची बाजू मांडली नाही तर हे व्याख्यान एकतर्फी होईल. २०२४च्या उन्हाळ्यात राज्यभर रिक्षावाले रस्त्यावर उतरले होते, आठवतं? फिटनेसचं नूतनीकरण उशिरा केलं तर दर दिवसाला ५० रुपये. वर्षभर गाडी घरात पडून राहिली तर अठरा हजारांच्या वर जातं. रिक्षा विकून तेवढे येणार नाहीत. शेवटी जुलैत सरकारने त्याला स्थगिती दिली. पन्नास रुपये रोज हा दंड मोजायला यंत्र पुरत होतं, म्हणून तो बिनचूक लागत होता. डंपरच्या मालकाला शोधायला माणूस लागतो, म्हणून तो सुटतो. जुन्या दुचाकीचंही तेच. पंधरा वर्षं झाली की पुन्हा नोंदणी, पर्यावरण कर, उशिराचे दरमहा ३०० रुपये. आणि ती एम-८० कधीच भंगारात गेलेली असते, फक्त नोंद रद्द करायला कोणी गेलेलं नसतं. गाडी बंद ठेवायची असेल तर कायद्यात सोय आहे, आगाऊ लेखी कळवा, त्या काळाचा कर लागत नाही. कळवलं नाही तर गाडी वापरात आहे असंच धरलं जातं. अंगणात कोंबड्या बसत असल्या तरी.

गाडी विकली की नाव बदलून घ्या, हे मी इथे हात जोडून सांगतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगून टाकलं की आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्याच्या नजरेत मालक. मधल्या काळात गाडी चार हातांतून गेली तरी अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात. तरीही स्टँपपेपरवर सही घेऊन ‘आता आपला संबंध नाही’ म्हणणारे रोज भेटतात.

खाणवाल्यांचा एक युक्तिवाद मी स्वतः कोर्टात अनेकदा केला आहे, तोही सांगतो. आमचा डंपर खाणीच्या आवारातच फिरतो, सरकारी रस्त्यावर येत नाही, मग कर कशाचा? यात तथ्य आहे. १९७४ साली बोलानी ओअर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच मान्य केलं: हा कर रस्ता वापरण्याच्या बदल्यातला आहे, जी यंत्रं खाणीच्या आवाराबाहेर येतच नाहीत त्यांच्यावर तो नाही. तत्त्व चोख आहे. पण तेच तत्त्व उलटं फिरवून पाहा. जो डंपर मुळशीच्या खाणीतून भरून सूसच्या रस्त्यावर उतरतो, बालवाडीच्या समोरून जातो, त्याच्याकडून रस्त्याचा मोबदला न घेता त्याला जाऊ देणं हे त्या निकालाच्याही विरुद्ध आहे. आवाराचं फाटक हीच त्याची सीमा. मग पथकाने रस्त्यात उभं राहून चालकाला का पकडावं? फाटकावर उभं राहावं. तिथे वजनकाट्याची पावती असते, गौण खनिजाच्या वाहतुकीचा पास असतो, त्यावर गाडीचा नंबर असतो, आणि खडी कोणाच्या साइटवर चालली तेही लिहिलेलं असतं. ‘चालवायला लावतो’ हे क्रियापद सिद्ध करायला याहून सोपा पुरावा मी तरी पाहिलेला नाही.

टँकरचं तर आणखी सोपं आहे, आणि ते तुमच्या हातात आहे. सोसायटीच्या गेटवर टँकरची वही असते. नंबर, वेळ, किती हजार लिटर, सुरक्षारक्षकाची सही. त्या वहीतला नंबर मोबाइलवरच्या एम-परिवहन अ‍ॅपमध्ये घातला की फिटनेस, विमा आणि कर कधीपर्यंतचा आहे ते दिसतं. मालकाचं नावही दिसतं, पण पहिलं अक्षर आणि मग चांदण्या. खासगीपणा जपायला ते ठीकच. बिल देण्यापूर्वी सचिवाने एकदा हे पाहावं आणि संपलेल्या कराच्या टँकरचं बिल थांबवावं. पाणी बंद होईल, अशी भीती वाटते ना? वाटणारच. म्हणून एका सोसायटीने नाही, सगळ्यांनी एकाच महिन्यात करावं.

शेवटी सरकारकडे एक मागणी आहे, आणि ती सूसमध्ये केलेलीच बरी. मोटार वाहनाचा थकलेला कर जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येतो. वर दरमहा २ टक्के व्याज. आज आरटीओ काय करतं? पकडलेल्या गाड्या आवारात गंजत ठेवतं आणि वर्षा-दोन वर्षांनी पेपरात जाहिरात देतं, ‘आहे त्या स्थितीत’ लिलाव. टायर गेलेले, बॅटरी गेलेली, आतून बाभूळ उगवलेली. भंगाराच्या भावाने आलेले पैसे थकबाकीच्या व्याजालाही पुरत नाहीत आणि मालक दुसरी गाडी घेऊन मोकळा. पण आपल्या भागातले हे मालक आले कुठून, याचा विचार करा. बरेचसे इथलेच. जमिनीचा काही भाग बिल्डरला गेला, आलेल्या पैशांतून डंपर आणि पोकलेन आले, आणि राहिलेले गुंठे अजून नावावर आहेत. महसुलाच्या थकबाकीचा अर्थ त्यांना वकिलाने समजवायची गरज नाही. सातबाऱ्यावर बोजा म्हणजे काय, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. आरटीओच्या खटला विभागाने थकबाकीदारांची यादी पौडला तहसीलदारांकडे पाठवावी, तलाठ्याने इतर हक्कांत नोंद घालावी. ज्या गुंठ्याला आज सोन्याचा भाव आहे, त्यावर काही हजारांचा कर थकला म्हणून बोजा चढलेला कोणता मालक आठवडाभर सहन करील? चालकाचं लायसन जमा करायची पाळीच येणार नाही.

यादी करायला नवा कायदा लागत नाही. माझ्या जुन्या अशिलांपैकी काहींची नावं तीत असतील, त्यांनी मला फोन करू नये; मी आता वकिली करत नाही.